व्होलाटाइल म्हणजे नुसतं ‘अस्थिर’ का?

निफाडहून भाच्याचा फोन. "मामा, व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर आलंय, कांद्याचं मार्केट व्होलाटाइल आहे. म्हणजे भाव पडणार का?" त्याची चाळ उन्हाळ कांद्याने भरलेली, त्यामुळे प्रश्न नुसत्या शब्दार्थाचा नव्हता.

पडणारच असं नाही. भाव रोज पन्नास रुपयांनी शिस्तीत उतरत गेला तर तो पडता बाजार. सोमवारी क्विंटलमागे चारशेने वर, मंगळवारी पाचशेने खाली आणि बुधवारचं काही सांगता येत नाही, हा व्होलाटाइल. शब्दात दिशा नाही, झटके आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि लासलगावसह नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले, ते दिवस आठवले की अर्थ वेगळा समजवावा लागत नाही. भाचा म्हणाला, "मग भावाचा नेम नाही असं सरळ लिहायचं ना!" बरोबर आहे त्याचं. बाजारापुरतं तेच उत्तम मराठी.

घोळ होतो तो सगळीकडे ‘अस्थिर’ चिकटवल्याने. मूळ लॅटिन धातूचा अर्थ उडणे. इंग्रजीत हा शब्द आधी पंखवाल्या जिवांना लागला, मग पटकन वाफ होऊन जाणाऱ्या पदार्थांना, पुढे माणसांच्या स्वभावाला. बाजाराची पाळी बरीच उशिरा आली. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणणारा वायूही व्होलाटाइलच, तिथे मात्र ‘बाष्पनशील’ किंवा सरळ ‘उडून जाणारा’. म्हणजे कांदा दोन्ही अर्थांनी रडवतो.

माझी भाची दिंडोरीकडे एका वायनरीच्या लॅबमध्ये आहे. तिथे रोज ‘व्हीए’ मोजतात, म्हणजे व्होलाटाइल ॲसिडिटी. तिच्याकडे आलेल्या एका मराठी पत्रकात याला ‘अस्थिर आम्लता’ केलं होतं. वाचणाऱ्याला वाटावं, आम्लता सारखी वरखाली होते! खरं तर वाफेबरोबर निघून येणाऱ्या आम्लांचं ते माप आहे, त्यात मुख्यतः ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं. ‘बाष्पनशील आम्लता’ म्हणा, जड वाटलं तरी चूक नाही.

कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीला, म्हणजे रॅमला, व्होलाटाइल म्हणतात ते लाइट गेली की सगळं पुसलं जातं म्हणून. आणि बातमीत ‘सिच्युएशन व्होलाटाइल’ आलं तर ‘परिस्थिती बदलती’ हे फारच मिळमिळीत. तिथे ‘स्फोटक’ हवं, किंवा ‘कधी भडका उडेल सांगता येत नाही’. बघा, इथेही उडणं आलंच.

माणसासाठी मात्र मला नेमका शब्द सापडत नाही. ‘लहरी’त राग नाही, ‘तापट’मध्ये बदल नाही, ‘चंचल’ तर फारच गोड. आजी आमच्या एका काकांना ‘कापूर’ म्हणायची: उघडा ठेवला तर उडून जातो, काडी लागली तर भडकतो. कापूर उडू नये म्हणून डबीत दोन मिरे टाकतात ना, तसं काकूकडे बोट दाखवून म्हणे, "आणि हे त्याचं मिरं."