दोष केबलचा नसून बूटलोडरचा असावा
अर्डुइनो नॅनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर संगणकातून प्रोग्राम चढत नाही म्हणून आपण केबल आणि ड्रायव्हर दोन्ही बदलून पाहिलेत, त्याला एक पुरवणी जोडतो. २०१८ पासून अर्डुइनोने नॅनोवर नवा बूटलोडर (संगणकाकडून आलेला प्रोग्राम बोर्डात उतरवून घेणारा छोटा प्रोग्राम) द्यायला सुरुवात केली आणि अपलोडचा वेग ५७६०० बॉडवरून (इथे बॉड म्हणजे दर सेकंदाला जाणारे बिट) ११५२०० वर गेला. बाजारातल्या पुष्कळ क्लोन, म्हणजे इतरांनी नक्कल करून बनवलेल्या, बोर्डांवर मात्र अजूनही जुनाच बूटलोडर असतो, त्यामुळे संगणकाचा आणि बोर्डाचा वेग जुळत नाही. माझ्या बोर्डावर आरएक्सचा (माहिती येत असल्याचा) दिवा लुकलुकत राही, टीएक्सचा (माहिती जात असल्याचा) लागत नसे आणि शेवटी ‘नॉट इन सिंक’ (मेळ जमत नाही) एवढाच संदेश येई. सोबतच्या माहितीपत्रकात बूटलोडरचा उल्लेखही नव्हता, ही उणीव मला अक्षम्य वाटते, कारण नवशिका अशा वेळी चांगला बोर्ड फेकून देतो. अर्डुइनोच्या संगणकावरील सॉफ्टवेअरमध्ये टूल्स मेनूत प्रोसेसरखाली ‘ओल्ड बूटलोडर’ निवडून पुन्हा अपलोड करून पाहावे.