अनुभव धागा: स्क्रोल करून करून डोक्याला आलेला शीण, काय केलंत, काय फसलं?

रातराणी: शेजारच्या देवळात सातची घंटा झाली आणि मोहित्यांचे वडगाव आठवलं. सांगली जिल्हा, कडेगाव तालुका. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथे संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजतो, टीव्ही-मोबाइल बंद होतात, साडेआठपर्यंत. आपल्या घरात भोंगा नाही आणि फीडला तळ नाही. पूर्वी पान संपायचं, 'पुढे' दाबावं लागायचं, तेवढ्यात हात थांबायचा. एझा रास्किन या अमेरिकी डिझायनरने २००६ मध्ये अखंड स्क्रोल बनवला (नंतर त्याने खंतही बोलून दाखवली) आणि थांबायची ती जागाच गेली. ती परत कशी आणायची ते नेमकं लिहा. 'मन खंबीर करा' नको.

घाटमाथा: यूट्यूब: वॉच हिस्टरी बंद करा आणि जुनी पुसून टाका. नुसती बंद केली तर जुन्यावरून सुचवण्या येतच राहतात. दोन्ही केलं की होम पान रिकामं. हवं ते शोधा, बघा, संपलं.
इन्स्टा: सुचवलेल्या पोस्ट ३० दिवस स्नूझ करता येतात. एकतिसाव्या दिवशी परत येतात, कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पाटावरवंटा: कुकर लावलाय, पटकन लिहिते. व्हॉट्सॲपचे ग्रुप सोडू नका, नाती दुखावतात. आर्काइव्ह करा, आणि सेटिंगमध्ये 'चॅट आर्काइव्हच ठेवा' चालू आहे ना बघा. नाहीतर नवा मेसेज आला की ग्रुप परत वर. सोसायटीवाल्यांना सांगा, टँकरचं काही असेल तर नावाने टॅग करा, तेवढं वाजतं. बँकेचे एसएमएस मात्र कधीही म्यूट नको.

उंबरठा: ग्रेस्केल! आयफोनवर ॲक्सेसिबिलिटी शॉर्टकटला कलर फिल्टर जोडा, बाजूचं बटण तीनदा दाबलं की स्क्रीन करडा. लाल ठिपका करडा झाला की बोट आपोआप तिकडे जात नाही. फसतं कुठे: मॅपवर. ट्रॅफिकचा लाल आणि हिरवा सारखाच दिसतो. म्हणून शॉर्टकट हवाच, नाहीतर लोक वैतागून कायमचं काढून टाकतात.

घाटमाथा: @उंबरठा हे भारी. आयफोनच्या 'स्क्रीन टाइम'मधून ॲपवर वेळेची मर्यादा लावणाऱ्यांसाठी: पासकोड घरातल्या दुसऱ्याने टाकायचा, आणि 'मर्यादा संपल्यावर ब्लॉक' चालू करायचं. नाहीतर 'दुर्लक्ष करा' समोरच असतं.

कडीपत्ता: डोळ्यांचंही बघा. स्क्रीनकडे बघताना पापणी कमी लवते, म्हणून चुरचुरतात. दर २० मिनिटांनी २० फुटांवरचं काहीतरी २० सेकंद.
आणि कळकळीने सांगते, झोप-भूक दोन आठवडे बिघडलेली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर हा नुसता शीण समजू नका. टेलि-मानस (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६, मोफत, मराठीत बोलतात.

पाटावरवंटा: कडीपत्ता, हा नंबर फ्रिजवर लावतेय. 🙏
फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, गजराला साधं घड्याळ. हे जमलं तर निम्मं काम झालं. उठल्या उठल्या पहिली दहा मिनिटं आपली राहतात.

रातराणी: पण घड्याळाची टिकटिक? शांत खोलीत झोपच लागत नाही.

उंबरठा: 'स्वीप' मशीनचं घ्या. सेकंदकाटा अडखळत नाही, सरकतो, आवाज नाही. दुकानात कानाशी धरून बघा. आणि संपलेला सेल आत ठेवू नका, फुटून पाणी सुटतं, सेल टेकतो ती पत्री गंजते.

पाटावरवंटा: पत्री गंजली तर लिंबाचा रस कापसावर घेऊन पुसा, कोरडी करा. गंज निघतो. तीन शिट्ट्या झाल्या, येते.