अमेरिकेची वाढ गुलामगिरीमुळे झाली, की गुलामगिरी असूनही? – एका ठाम लेखाला उत्तर

कालवेकर

'रुक्ष कविता' यांनी गेल्या आठवड्यात लिहिलेल्या लेखाचे सार असे होते की, अमेरिकन प्रजासत्ताकाच्या पहिल्या सत्तर वर्षांतील सारी आर्थिक वाढ गुलामांच्या घामातून आली आणि पहिले अर्थमंत्री हॅमिल्टन यांची राष्ट्रीय बँक, एरी कालवा, मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलच्या कापडगिरण्या हा त्यावर चढवलेला मुलामा होता. त्याखालचे टाळ्यांचे प्रतिसाद वाचल्यावर दोन ओळींत उत्तर देणे मला जमेना, म्हणून हा वेगळा धागा.

माझे भांडण 'सारी' या शब्दाशी आहे. १८३०च्या दशकापासून देशाच्या निर्यातीत निम्मा किंवा त्याहून मोठा हिस्सा कापसाचा होता, हे खरेच आहे. पण निर्यात म्हणजे राष्ट्रीय उत्पन्न नव्हे. एकंदर निर्यातच उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत होती आणि कापसाचे पीक १८६०मध्येसुद्धा उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या आसपास होते. लेखात हाच आकडा जवळजवळ निम्म्यावर गेला आहे, आणि तो गेला आहे कापसाच्या किमतीत जमीन, अवजारे, वाहतूक आणि व्याज यांची रक्कम पुन्हा एकदा मिळवून. भाकरीच्या किमतीत पिठाची आणि पिठाच्या किमतीत ज्वारीची किंमत वेगळी धरली, तर कोणतेही गरीब घर कागदावर श्रीमंत दिसेल.

गुलामगिरीचे खरे पीक शेतात नव्हे, राज्यघटना जेथे लिहिली गेली त्या फिलाडेल्फियात आणि पुढे वॉशिंग्टनमध्ये निघाले. १७८७च्या राज्यघटनेत 'गुलाम' हा शब्द कोठेही नाही, मात्र प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलामांमागे तीन माणसे मोजण्याची तरतूद आहे. ज्यांना मत नाही त्यांच्या डोक्यांवर त्यांच्या मालकांना जास्तीच्या जागा मिळाल्या. १७८९ ते १८२५ या छत्तीस वर्षांपैकी बत्तीस वर्षे राष्ट्राध्यक्षपद व्हर्जिनियाच्या मळेवाल्यांकडे होते. या सत्तेचा उपयोग काय झाला? रस्ते आणि कालवे यांसाठी केंद्राचा पैसा देणाऱ्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांनी पदाच्या अखेरच्या पूर्ण दिवशी, ३ मार्च १८१७ रोजी, नकाराधिकार वापरला. कारण घटनात्मक शंकेचे दिले गेले. नॉर्थ कॅरोलायनाचे सिनेटर नॅथॅनियल मेकन यांनी मात्र पुढच्याच वर्षी एका पत्रात खरी भीती लिहून ठेवली: काँग्रेसला कालवे खोदण्याचा अधिकार असेल, तर गुलाम मुक्त करण्याचाही असेल. अखेर न्यूयॉर्कने स्वतःच्या रोख्यांवर ३६३ मैलांचा एरी कालवा खोदून १८२५मध्ये पुरा केला. गुलामगिरी ही वाढीची जननी नव्हती. ती वाढीच्या वाटेवर जकातनाका टाकून बसली होती.

रुक्ष कविता

उत्तर मिळाल्याचा आनंद आहे. लेख पूर्ण वाचून मिळाले असते तर अधिक झाला असता. 'सारी' हा शब्द मी मागे घेते. त्या जागी 'बरीचशी' असे वाचावे आणि मग कालवेकरांच्या हातात काय उरते ते त्यांनीच पाहावे.

पाच टक्क्यांचा आकडा बरोबर आहे आणि निरुपयोगीही आहे. हृदयाचे वजन शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्काही नसते. ऱ्होड आयलंडच्या गिरण्या दक्षिणेतल्या गुलामांच्या अंगावर घालायचे जाडेभरडे कापड विणत होत्या. लोवेलच्या चात्यांवर मिसिसिपीचाच कापूस होता. कापूस नेणारी जहाजे, त्यांचे विमे आणि त्यांची दलाली न्यूयॉर्कमध्ये होती. उत्तर स्वच्छ आणि दक्षिण मलिन, ही विभागणी शाळेच्या पुस्तकात शोभते. खुद्द न्यूयॉर्क राज्यात १७९०च्या जनगणनेत एकवीस हजारांहून अधिक गुलाम होते आणि तेथील शेवटचे गुलाम मुक्त व्हायला १८२७ साल उजाडले. गुलामांच्या व्यापारावर गबर झालेले ऱ्होड आयलंडचे जेम्स डिवुल्फ तर १८२१मध्ये सिनेटमध्ये जाऊन बसले.

मी चौदा वर्षे जॉर्जियात राहते. आमच्या कौंटीच्या कचेरीत एका घराचे जुने दस्त पाहायला गेले असताना मला १८३०च्या दशकातले एक गहाणखत मिळाले. त्यात एक खेचर, दोन नांगर आणि त्यांच्यामध्ये एक बाई व तिची तीन मुले होती. मुलांची वये लिहिली होती, खेचराचेही वय लिहिले होते. त्या कागदावर कोणी तरी पैसा उचलला आणि त्या पैशाने जमीन घेतली. याला वाढ म्हणायचे नसेल तर कशाला म्हणायचे, हे मला सांगावे.

आणि उत्पादकतेविषयी. १८०० ते १८६० या काळात एका माणसाची दिवसाची कापूस वेचणी सुमारे चौपट झाली. वेचणीचे कोणतेही यंत्र तेव्हा नव्हते, व्हिटनीचे यंत्र सरकी काढत होते, बोंड तोडत नव्हते. मग ही चौपट वाढ आली कोठून? चाबकातून.

निवृत्त खतावणी

मी बत्तीस वर्षे बँकेत काढली आणि त्यांतली निम्मी कर्जविभागात. तारण चांगले आहे एवढ्यावर कर्ज देऊ नका, कर्जाचे होणार काय ते पाहा, हे सांगता सांगता माझे केस पिकले आणि वरच्या साहेबांनी कधी ऐकले नाही. त्यामुळे कविताताईंचे गहाणखत मला त्यांच्याहून वेगळे दिसते.

१८२७मध्ये लुइझियानाच्या मळेवाल्यांनी बँक काढली, जमीन आणि गुलाम तारण ठेवून रोखे काढले, राज्याने हमी दिली आणि लंडनच्या बेअरिंग पेढीने ते विकले. उत्तम तारण! पण त्या पैशाचे बव्हंशी काय झाले? आणखी जमीन आणि आणखी माणसे. माणूस हेच भांडवल असले की, बचत रस्त्यात, शाळेत किंवा यंत्रात जाण्याचे कारण राहत नाही. माजी राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांनी १८२०च्या एका पत्रात हिशेब करून लिहिले आहे की, दर दोन वर्षांनी मूल देणारी स्त्री ही शेतावरच्या सर्वोत्तम पुरुषापेक्षा अधिक फायद्याची, कारण पुरुषाचे काम खर्चात विरून जाते आणि तिने दिलेली भर मुद्दलात पडते. हे वाक्य वाचल्यावर मी पुस्तक मिटून गच्चीवर गेलो होतो. हाच माणूस १८२६मध्ये लाखाहून अधिक डॉलरचे कर्ज ठेवून मेला आणि पुढच्या जानेवारीत त्याच्या माँटिसेलो मळ्यावर १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला. मुद्दलातली भर अशी वसूल झाली.

तेव्हा कविताताई, पैसा फिरला हे मान्य, पण फिरलेला प्रत्येक पैसा वाढ नसते. १८३७च्या मंदीनंतर मिसिसिपीने आपल्या हमीचे रोखे सरळ नाकारले. आमच्याकडे कर्जमाफी निवडणुकीआधी येते, तिकडे ती राज्यानेच स्वतःला दिली.

रुक्ष कविता

खतावणीकाका, पेनसिल्व्हेनियानेही त्याच सुमारास, १८४२मध्ये, व्याज थकवले होते आणि ते कर्ज कालव्यांसाठी काढलेले होते. कालवेकरांनी याची नोंद घ्यावी.

निवृत्त खतावणी

पेनसिल्व्हेनियाने पुढे व्याज पुन्हा सुरू केले. मिसिसिपीचे रोखे आजतागायत बुडीत आहेत. थकीत आणि बुडीत यांतला फरक माझ्याकडून शिकून घ्यावा.

सरकी

मी यवतमाळ जिल्ह्यातला. अमेरिकेच्या राजकारणाविषयी येथील थोरांना बोलू द्यावे असे ठरवले होते, पण 'वेचणी चौपट झाली, म्हणजे चाबूक' हे वाक्य वाचून राहवले नाही, कारण ज्याने कापूस वेचायला कधी कमरेला ओटी बांधली नाही त्यालाच असे वाक्य सुचते.

माझी आई दुसऱ्यांच्या वावरात मजुरीने कापूस वेचायची. गावरान कापसाचे बोंड बारीक, मान खाली घातलेले. बोटे आत घालून कापूस ओढावा लागे, पत्ती चिकटे आणि दिवसभरात वीस-पंचवीस किलोच्या वर काटा हलत नसे. आमच्या भागात नांदेड-४४ हे संकरित वाण आले तेव्हा तेच वावर, त्याच बाया आणि तेवढाच दिवस असताना आईचा काटा चाळिसावर गेला. बोंड टपोरे, पूर्ण उमललेले, हात लावताच मुठीत येणारे. हे वाण अमेरिकन कापसाच्याच कुळातले आहे, हे येथे मुद्दाम सांगतो.

तिकडेही हेच घडले. १८०६च्या सुमारास मेक्सिकोतून मिसिसिपीतल्या नॅचेझला बियाणे आले. जुन्या जातींची बोंडे सडत होती म्हणून मळेवाल्यांनी ते उचलले, त्यातून निवड करत करत पेटिट गल्फसारखी वाणे निघाली, आणि मळ्यांच्या वेचणीवह्यांतले आकडे या वाणांच्या मागोमाग चढत गेले. चाबूक तर १८०० सालीही होता. जी गोष्ट आधीपासून तशीच होती, तिच्यामुळे चौपट फरक पडला हे कसे?

रुक्ष कविता

बियाण्याचा मुद्दा मला ठाऊक आहे आणि तो काही अंशी खराही आहे. परंतु बियाणे कापूस वेचत नाही. सुटून आलेल्या गुलामांच्या हकिगती वाचा. संध्याकाळी टोपली काट्यावर चढते, प्रत्येकाचा आकडा ठरलेला असतो, कमी भरला तर फटके, आणि एखाद्या दिवशी जास्त भरला तर दुसऱ्या दिवशीचा आकडा वाढतो. म्हणून माणूस काट्याकडे जाताना भीतच जात असे. टपोऱ्या बोंडाचा सारा फायदा मालकाच्या खात्यात पडावा याची व्यवस्था चाबकाने केली होती. तुमच्या आईने एक दिवस चाळीस किलो वेचले म्हणून दुसऱ्या दिवशी पस्तीस भरल्याबद्दल तिला कोणी खांबाला बांधत नव्हते.

सरकी

माझ्या आईला या वाक्यात आणण्याची गरज नव्हती. तिच्या हातांना बोंडांच्या टोकांनी पडलेल्या चिरा मी पाहिल्या आहेत, आणि वातानुकूलित कचेरीत दस्त चाळून आलेली करुणा मला कोणी शिकवू नये.

रुक्ष कविता

आईला धाग्यात आपणच आणलेत, सरकी. मी तिच्याविषयी एकही वावगा शब्द लिहिलेला नाही. दस्त चाळणे हे पाप असेल, तर वेचणीवह्यांचा हवाला आपणही देऊ नये.

तिरपा डोळा

धागा राजकारणावर होता, तो आता कृषी विद्यापीठाच्या आवारात पोहोचला आहे. मी त्याला मूळ वाटेवर ओढतो. कालवेकर महाशय, पाचास तीनच्या हिशेबाने सत्ता मिळाली हे आपण ज्या थाटात सांगता, त्यावरून वाटते की उत्तरेकडचे लोक बिचारे हात जोडून उभे होते. १८००च्या अध्यक्षीय निवडणुकीत राज्यांच्या निर्वाचकांची मते जेफर्सन यांना ७३ आणि अ‍ॅडम्स यांना ६५. गुलामांच्या मोजणीमुळे दक्षिणेला मिळालेली जास्तीची मते वजा केली तर अ‍ॅडम्स जिंकतात, हे गणित सगळे सांगतात. न्यूयॉर्कची बाराही मते जेफर्सन यांचे जोडीदार उमेदवार एरन बर यांनी शहरातल्या प्रचाराने जेफर्सनकडे वळवली, हे मात्र कोणी सांगत नाही. उत्तरेतल्या मतांवाचून मळेवाल्यांना एकही राष्ट्राध्यक्ष निवडून आणता आला नसता. आणि ज्या १८१७च्या विधेयकासाठी आपण अश्रू ढाळता, ते मांडले कोणी? साउथ कॅरोलायनाचे गुलाममालक प्रतिनिधी कॅलहून यांनी! गुलामांचे मालक कालव्यांच्या विरोधात होते, हा सिद्धान्त तेथेच बुडाला.

कालवेकर

कॅलहून यांचे नाव मी टाळले होते, हे पकडल्याबद्दल तिरप्या डोळ्याचे अभिनंदन; तिरपे पाहणाऱ्याला कधी कधी कोपऱ्यातले दिसते. होय, १८१६-१७चे कॅलहून कालव्यांच्या बाजूचे होते आणि १८१६च्या आयात-जकातीच्याही. त्या जकातीत स्वस्त सुती कापडाची किंमत किमान पंचवीस सेंट वार धरून कर लावला गेला, त्यामुळे हिंदुस्थानातून जाणारे जाडेभरडे कापड अमेरिकेच्या बाजारातून हटले आणि लोवेल यांच्या गिरणीला मैदान मोकळे झाले. पण त्यानंतर १८१९ आले. कापसाचे भाव कोसळले आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कचे प्रतिनिधी टॉलमेज यांनी नव्याने राज्य होऊ पाहणाऱ्या मिझुरीत नवे गुलाम नेण्यास बंदी सुचवली. काँग्रेस गुलामगिरीला हात घालू शकते हे दक्षिणेला पहिल्यांदा उघड दिसले. १८२८मध्ये त्याच कॅलहून यांनी केंद्राचा कायदा राज्याला निष्प्रभ ठरवता येतो असा मसुदा लिहिला, निमित्त जकातीचे होते. माणूस तोच आणि बुद्धीही तीच. मधल्या अकरा वर्षांत मेकन यांची भीती त्याला लागली. मी 'मळेवाले पहिल्यापासून विरोधात' असे सुचवले असेल, तर तेवढे मागे घेतो. 'जकातनाका' मागे घेत नाही; फार तर तो १८१९नंतर बांधला गेला असे म्हणा.

गहाणखताबद्दल मात्र मी दोन दिवस विचार केला. केंद्राने कालव्याला पैसा दिला नाही, पण १८०३मध्ये लुइझियानाच्या खरेदीला दीड कोटी डॉलर दिले, आणि त्या दस्तातला कर्जदार नवी जमीन घेऊ शकला तो मूळ रहिवाशांना हटवणाऱ्या याच केंद्राच्या फौजेमुळे. म्हणजे दुबळे म्हणवणारे सरकार कापसासाठी दुबळे नव्हते. हे कविताताईंच्या बाजूने जाते की माझ्या, हे मला अजून नक्की ठरवता आलेले नाही.

रुक्ष कविता

माझ्या. पण आपण 'विचार केला' असे लिहिलेत, याची मी तारखेसह नोंद करून ठेवली आहे.

निवृत्त खतावणी

व्हर्जिनिया, मेरीलँड यांसारख्या जुन्या राज्यांतून नैर्ऋत्येकडे सुमारे दहा लाख माणसे हलवली गेली, त्याचा हिशेब या धाग्यात अजून कोणीच घेतलेला नाही. १८०८मध्ये परदेशातून गुलाम आणण्यावर बंदी आली म्हणून आपण त्या कायद्याचे कौतुक करतो, पण जुन्या मळेवाल्यांच्या हातातल्या मालाचा भाव त्याच बंदीने टिकवला. जेफर्सन यांच्या मुद्दलातल्या भरीला गिऱ्हाईक मिळाले ते असे. यावर कोणाला लिहायचे असेल तर लिहावे, माझे डोळे आता दुखतात.

सरकी

परवा रागाने लिहिले, त्यातले करुणेबद्दलचे वाक्य मागे घेतो. काल आईला फोनवर विचारले की, काट्यावर कमी भरले आणि शेतमालक बोलला तर तू काय करायचीस. ती म्हणाली, "काय करायचं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या वावरात जायचं." हे उत्तर कविताताईंच्या बाजूचे आहे, हे मला कळते. बियाण्याचा मुद्दा मी तरीही सोडत नाही.