टॅरोच्या ‘स्प्रेड’ला मांडणी म्हणावं का?

प्रश्न (जळगाव जामोद तालुका)
जूनचा दुसरा आठवडा, पेरण्या खोळंबलेल्या. ओसरीत सतरंजीवर मी मावशीसाठी टॅरोची, म्हणजे भविष्य पाहायच्या पत्त्यांची, तीन पानं लावली. एक मागचं, एक आत्ताचं, एक पुढचं. तिला एवढंच हवं होतं की यंदा कपाशी लावू का सोयाबीन. तिसरं पान निघालं ते लाल काळजात तीन तलवारी खुपसलेलं. पुस्तकात अर्थ दिलाय ताटातूट, जिव्हारी लागणं. हे तिला कसं सांगावं म्हणून मी गप्प. मावशीनं पान उजेडात धरलं, तलवारींमागचे करडे ढग अन् तिरप्या रेघा न्याहाळल्या आणि म्हणाली, “पानी तं पडून रायलं ना वं! मंग तोंड काहून पाडलं?”

हे सगळं लिहून काढतेय आणि शब्दांपाशी अडतेय. ‘स्प्रेड’ला, म्हणजे ठरलेल्या जागी अशी पानं लावण्याला, काय म्हणू? डाव म्हटलं की रमी वाटते, पट म्हटलं की सोंगट्या. आणि ‘रिव्हर्स्ड’, म्हणजे चित्र खालचं वर होऊन आलेल्या पानाला?

उत्तर
मांडणी! अहो, शब्द तुमच्याच तालुक्यात आहे. भेंडवळची घटमांडणी. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात गोलाकार अठरा धान्यं ठेवतात. मधल्या खड्ड्यात चार ढेकळं, म्हणजे पावसाचे चार महिने, त्यांवर पाण्याची घागर. शिवाय पुरी, पापड, विड्याचं पान, सुपारी. रात्री तिकडं कुणी फिरकत नाही. पहाटे कोणते दाणे सरकले, कोणतं ढेकूळ किती भिजलं, यावरून भाकीत.

तिथं वस्तूला अर्थ आहे तसा जागेलाही आहे. टॅरोतही तेच. तलवारींचं पान मागच्या जागी आलं तर सोसून झालेलं दुःख, पुढच्या जागी आलं तर येऊ घातलेलं. दहा पानांच्या केल्टिक क्रॉसमध्ये तर प्रत्येक जागेचं काम ठरलेलं. रमीत हातातलं पान कुठंही धरा, काही बिघडत नाही. म्हणून डाव नको.

उत्तर (दर्यापूर)
‘उलटं’ लिहू नका. आमच्याकडं पत्ता उलटा म्हणजे पाठ वर. त्याला प्रमाण मराठीत उपडं म्हणतील. चित्रातल्या माणसाचं डोकं खाली असेल तर उफराटं. सुलटं आणि उफराटं, जोडी झकास बसते.

तुमच्या त्या पानाला सरळ तलवारीची तिर्री म्हणा. ७८ पैकी ५६ पानं आपल्या कॅटच्याच भाऊबंदांतली : तलवारी म्हणजे इस्पिक, प्याले म्हणजे बदाम.

उत्तर
डाव इतका परकाही नाही. टॅरो पंधराव्या शतकातल्या इटलीत खेळायचेच पत्ते होते. आज ‘मेजर अर्काना’ म्हणून ज्यांचा दरारा आहे त्या २२ पानांतला वेडा वगळला तर बाकीची २१ म्हणजे निव्वळ हुकूम! भविष्य पाहण्याचं प्रस्थ अठराव्या शतकात फ्रान्समध्ये वाढलं.

आणि मावशींचा पाऊस १९०९ च्या रायडर-वेट संचातला, पामेला कोलमन स्मिथ यांनी रंगवलेला. मार्सेय पद्धतीच्या जुन्या संचात तिथं तीन तलवारी अन् थोडी वेलबुट्टी असते. तो संच असता तर कपाशीचं काही खरं नव्हतं.

प्रश्नकर्ती
उफराटं आणि तिर्री घेतले. मांडणीचं मात्र मावशीला विचारलं, तर तिला पटेना. ती याला ‘पत्ते पाहनं’ म्हणते. “मांडनी रातभर राहू द्या लागते. तू तं पाच मिन्टात उचलली.”