लहान मुलाला वाफारा द्यावा का, आणि पाण्यात नेमके काय घालावे?

प्रश्न : मखमलाबादची सून

नमस्कार. दिवाळी उलटली की आमच्या घरी वाफाऱ्याचे पातेले गॅसवर चढते, ते शिमग्यापर्यंत उतरत नाही म्हटले तरी चालेल. सासूबाई त्यात तुळशीची पाने, चमचाभर ओवा, गवती चहाची पात आणि अंगणातल्या निर्गुडीचा डहाळा घालतात, आणि उकळी आली की वरून निलगिरी तेलाचे चार-पाच थेंब व कापराची एक वडी टाकतात. चोंदलेल्या नाकाला त्याने बरे वाटते हे मी स्वतः अनुभवले आहे, त्यामुळे मोठ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. माझा प्रश्न साडेतीन वर्षांच्या मुलाचा आहे. गेल्या आठवड्यात त्याला सर्दी झाली तेव्हा सासूबाईंनी त्याला मांडीवर घेऊन, डोक्यावरून चादर पांघरून त्याच पातेल्यावर धरले. तो इतका रडला आणि खोकला की मी त्याला बाहेर काढले, आणि त्यावरून घरात दोन दिवस अबोला राहिला. वाफाऱ्याचा खरोखर किती उपयोग होतो, आणि मुलाच्या बाबतीत माझे चुकले का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ : सातपूरचे काका

सूनबाई, आमची आई सहा भावंडांना एकाच घोंगडीखाली बसवून वाफारा देत असे आणि आम्हाला कधी काही झाले नाही. तुळस आणि ओवा हे घरचे पदार्थ आहेत, त्यांनी अपाय होत नाही. मूल रडते म्हणून उपचार थांबवू लागलो तर लसही टोचता येणार नाही. सासूबाईंचे मन मोडू नका, एवढेच सुचवतो.

उत्तर २ : गंगापूर रोड, निवृत्त औषधनिर्माता

काकांच्या अनुभवाचा आदर ठेवूनही मला काही गोष्टी वेगळ्या मांडाव्याशा वाटतात, कारण या प्रश्नात वाफ, वनस्पती आणि तेल अशा तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच पातेल्यात आल्या आहेत.

प्रथम वाफ. उष्ण, दमट हवेने नाकातील घट्ट शेंबूड काही काळ सैल होतो, घशाची कोरड कमी होते आणि बरे वाटते. परंतु सर्दीचा विषाणू त्याने मरत नाही आणि आजाराचे दिवसही कमी होत नाहीत. सर्दीवर उष्ण व दमट हवेचा उपयोग पाहणाऱ्या चाचण्यांचा जो एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये घेतला, त्यात खात्रीलायक लाभ आढळला नाही. जुनाट सायनसच्या ८७१ रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेली आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणीही बोलकी आहे. मिठाच्या पाण्याने नाक धुणाऱ्यांना तीत थोडा फायदा झाला, तर वाफ घेणाऱ्यांची डोकेदुखी तेवढी कमी झाली, बाकीची लक्षणे होती तशीच राहिली. म्हणून वाफारा हा आराम आहे, इलाज नाही. आरामालाही किंमत असते, हे मी मुद्दाम नोंदवतो. रात्री नाक मोकळे होऊन डोळा लागणे ही सर्दी झालेल्या माणसाला लहान गोष्ट नसते.

आता वनस्पती. ओव्यात थायमॉल असते, तुळशीत युजेनॉल असते, आणि वाफेबरोबर त्यांचा जो थोडासा अंश वर येतो तो सुगंध देण्यापुरताच असतो. ताजी पाने घातल्याने मोठ्या माणसाचे सहसा काही बिघडत नाही. पुदिन्याबद्दल मात्र एक गैरसमज सर्वत्र आहे. भाजीबाजारात मिळणाऱ्या पुदिन्याच्या जुडीत मेंथॉल फारसे नसते. ते येते काष्ठौषधीच्या दुकानातल्या ‘पुदिना फुला’तून, म्हणजे मेंथॉलच्या स्फटिकांतून. हे पुदिना फूल, ओवा फूल (थायमॉलचे स्फटिक) आणि कापूर असे तीन घन पदार्थ एकत्र केले की आपोआप द्रव होतात, आणि तीच आपल्या आजीच्या फडताळातली अमृतधारा.

मेंथॉलने नाक उघडल्यासारखे वाटते, पण नाकातून जाणारी हवा मोजली तर ती पूर्वीइतकीच भरते. थंडावा ओळखणारी मज्जातंतूंवरील जी ग्राहके आहेत ती मेंथॉलने चेतवली जातात आणि मेंदूला गार हवा आत येत असल्याचा भास होतो. २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल ज्या दोघा संशोधकांना मिळाले, त्यांनी ही ग्राहके शोधताना मेंथॉलच वापरले होते.

खरी काळजी तिसऱ्या गोष्टीची, म्हणजे तेल आणि कापूर यांची. निलगिरी तेल किंवा कापूर लहान मुलाच्या पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. म्हणून बाटली व डबी मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवू नये. अगदी लहान बाळाच्या नाकाजवळ मेंथॉल किंवा कापूर नेल्यास श्वासनलिकेचे तोंड आवळले जाण्याचा धोका असतो, आणि ज्याला दमा आहे किंवा छातीत घुरघुर होते त्याला तीव्र वासाने खोकल्याची उबळ येऊ शकते. आपला मुलगा खोकू लागला हे त्याने आपल्या परीने सांगितलेच होते. मोठ्यांसाठीसुद्धा चार-पाच थेंब अधिक होतात; एखाद-दुसरा थेंब पुरतो, आणि तोही पातेले गॅसवरून उतरवल्यावर टाकावा. डोळे मिटलेले असावेत. चरकसंहितेत स्वेदनाचे, म्हणजे शेक-वाफ देऊन घाम आणण्याचे, तेरा प्रकार सांगितले आहेत, तिथेही डोळ्यांना जपायला सांगून ते स्वच्छ वस्त्राने किंवा कमळाच्या पाकळ्यांनी झाकण्याची सूचना आहे. तेव्हा सासूबाईंशी बोलताना परंपरेच्या बाजूनेच बोलता येईल.

उत्तर ३ : इंदिरानगरहून एक आई

मी औषधांबद्दल काही सांगू शकत नाही, पातेल्याबद्दल सांगू शकते. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीला, ती तेव्हा पाच वर्षांची होती, आम्ही पलंगावर बसवून वाफ दिली. पातेले गादीवर ठेवले होते, वरून रजई होती. तिने फक्त पाय लांब केला. उकळते पाणी दोन्ही मांड्यांवर सांडले, आणि अंगावरच्या लोकरी पायजम्याने ते शोषून धरल्यामुळे आम्ही तो काढेपर्यंत कातडी भाजतच राहिली. घाबरून कोणीतरी टूथपेस्ट लावली, ती पुढे रुग्णालयात खरवडून काढावी लागली आणि तिचे तेव्हाचे ओरडणे मला आजही ऐकू येते. डॉक्टरांनी आम्हाला नंतर सांगितले की कपडे लगेच काढून भाजलेला भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायला हवा होता. बर्फ नको, पेस्ट नको, हळद-तेलही नको.

करोनाच्या पहिल्या लाटेत वाफ घेण्याची साथच आली होती, तेव्हा इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयात वाफेच्या पाण्याने भाजलेल्या मुलांची संख्या तीसपट झाल्याचे तिथल्या डॉक्टरांनी २०२० मध्ये लिहिले होते. हे मी अपघातानंतर वाचले. काकांच्या घोंगडीखाली सहा भावंडे सुखरूप राहिली याचा मला आनंद आहे, पण आमच्या एका मुलीला एक पाय लांब करणे पुरले.

उत्तर ४ : निफाडचा बागायतदार

थोडा वेगळा प्रश्न विचारतो. आमच्याकडे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर राज्यातल्या नीचांकी तापमानाची नोंद होते अशी थंडी असते, आणि त्याच दिवसांत द्राक्षबागेत गोडी छाटणीनंतरच्या फवारण्या चालू असतात. भुरी रोगासाठी गंधक मारून घरी आलो की घसा चरचरतो आणि आम्ही सगळे वाफ घेतो. त्याचा उपयोग होतो का? शिवाय आमच्याकडे प्लॅस्टिकचे विजेवर चालणारे वाफेचे यंत्र आहे, त्यात आरओचे पाणी घातले तर वाफच येत नाही, हे कसे?

उत्तर ५ : गंगापूर रोड, निवृत्त औषधनिर्माता

फवारणीनंतर घशाला बरे वाटेल, पण छातीत गेलेले औषध वाफेने बाहेर येत नाही. तिथे मास्क, वाऱ्याची दिशा आणि घरात पाऊल टाकण्यापूर्वी आंघोळ हाच उपाय आहे, आणि धाप लागत असल्यास वाफ घेत न बसता औषधाच्या डब्यासकट डॉक्टरांकडे जावे.

यंत्राचे कोडे सोपे आहे. स्वस्त यंत्रांत तापणारी तार नसते, दोन पट्ट्यांमधून वीज थेट पाण्यातून वाहते आणि पाणी त्यामुळे तापते. आरओच्या पाण्यात क्षार कमी असल्याने वीज वाहत नाही. नळाचे पाणी घेतले की यंत्र चालते. याचाच अर्थ असा की त्या पाण्यात वीज असते, म्हणून पाणी भरताना किंवा झाकण उघडताना प्लग काढलेलाच हवा. त्यात पाने व तेलही घालू नयेत.

इंदिरानगरच्या ताईंनी लिहिले ते मी माझ्या उत्तरात आधी लिहायला हवे होते. साडेतीन वर्षांच्या मुलाला पातेल्यावर धरूच नये. स्नानगृहाचे दार लावून गरम पाण्याचा नळ काही वेळ सोडावा आणि आईने त्याला कडेवर घेऊन त्या दमट हवेत पाच-दहा मिनिटे बसावे, बादली मात्र त्याच्यापासून लांब असावी. मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब औषधाच्या दुकानात मिळतात, झोपण्यापूर्वी ते घालावेत. या वयाचे मूल शांत असताना मिनिटाला चाळीस किंवा त्याहून अधिक वेळा श्वास घेत असेल, अथवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर घरचे सगळे उपाय बाजूला ठेवून त्याच रात्री डॉक्टर गाठावा.

प्रश्नकर्ती : मखमलाबादची सून

सर्वांचे आभार. इंदिरानगरच्या ताईंचे उत्तर मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग उठून कापराची डबी देवघराच्या वरच्या फळीवर ठेवून आल्या. आज संध्याकाळी त्यांनी स्वतःसाठी वाफारा घेतला तो ओट्याशी खुर्ची ओढून, पातेले ओट्याच्या आतल्या बाजूला भिंतीलगत ठेवून आणि डोक्यावर चादरीऐवजी सुती पंचा घेऊन. निर्गुडीचा डहाळा मात्र त्यात होताच. नातवासाठी त्यांनी ओव्याची पुरचुंडी तव्यावर कोमट केली, आधी माझ्या मनगटाला लावून पाहिली, आणि मग त्याच्या उशाशी ठेवून दिली.