शेजाऱ्याचा ड्रोन आपल्या परसावर : अडवायचा हक्क आहे की नाही?

ओसरी
शेजाऱ्यांनी हौसेखातर ड्रोन घेतलाय. उडवायला माझी हरकत नाही. पण परतताना तो दर वेळी आमच्या परसावर येऊन थांबतो, कौलांच्या थोडासाच वर. आई तिथे कपडे वाळत घालते. हल्ली तो घूं आवाज ऐकू आला की हातातले पिळे बादलीत टाकून ती आत निघून येते. शेजाऱ्यांना सांगून पाहिलं, तर म्हणाले, "कॅमेरा बंद असतो हो." खाली उभं राहून हे मी कसं ओळखायचं?

माझं म्हणणं सरळ आहे. जमीन माझी आहे, तर तिच्यावर घिरट्या घालण्याआधी मला विचारलंच पाहिजे. उंचावरून जाणाऱ्या विमानाबद्दल मी बोलत नाहीये. तुम्हाला काय वाटतं?

भिरभिरं
मी स्वतः ड्रोन उडवतो. तुमच्या आईंना घरात जावं लागतं हे वाईटच, त्यावर वाद नाही. पण "जमीन माझी म्हणून वरची हवाही माझी" हे मला पटत नाही. प्रत्येक घराने असा हक्क सांगितला तर वस्तीत कुणालाच काही उडवता येणार नाही.

कॅमेऱ्याबद्दल लोकांना उगाच धास्ती असते. साध्या हौशी ड्रोनची लेन्स रुंद कोनाची असते. ५० मीटर उंचीवरून साधारण ७५ मीटर रुंदीचा पट्टा चित्रात येतो. फोर-के चित्र ३८४० पिक्सेल रुंद. म्हणजे एका मीटरला पन्नासेक पिक्सेल, आणि माणसाच्या चेहऱ्याच्या वाट्याला जेमतेम आठ. त्यात कोण आहे हे कुणालाच कळणार नाही. फाटकावरचे सीसीटीव्ही रोज आपले चेहरे टिपतात, त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

दुसरा मजला
भिरभिरं, तुमचंच गणित खाली आणा. प्रश्न ५० मीटरचा नाहीच, कौलांच्या थोडं वर म्हणजे दहा मीटर धरा. पट्टा १५ मीटरचा झाला आणि चेहऱ्याला चाळीसेक पिक्सेल मिळाले. ओळखीचा माणूस तेवढ्यात आरामात ओळखू येतो. शिवाय काही नव्या मॉडेलांत दुसरी, दूरचं जवळ आणणारी लेन्सही असते.

सीसीटीव्हीची तुलना तर अजिबात लागू होत नाही. तो भिंतीला ठोकलेला असतो, त्याचं तोंड कुठे आहे ते दिसतं, त्याप्रमाणे आपण पडदा लावतो. मी वरच्या मजल्यावर राहते. समोर घर नाही म्हणून मागच्या खिडकीला पडदाच लावलेला नाही. ड्रोन नेमका तिथे येऊन तरंगू शकतो, आणि तो चित्रण करतोय की नुसता थांबलाय हे मला शेवटपर्यंत कळत नाही. मला त्रास या न कळण्याचा आहे.

रानगवा
इतकी चर्चा कशाला? गलोल घ्या आणि पाडा.

काळा कोट
रानगवा, कृपा करून असला सल्ला देऊ नका. अमेरिकेत ड्रोन कायद्याने विमानात मोडतो, तो पाडणं हा केंद्रीय गुन्हा ठरू शकतो. जर्मनीतल्या रीझाच्या न्यायालयाने २०१९ मध्ये एअर रायफलने ड्रोन पाडणाऱ्याला निर्दोष सोडलं, हे खरं. पण तिथे ड्रोन बराच वेळ अंगणावर अगदी खाली घोटाळत होता, माणसांच्या मागे फिरत होता. त्या एका निकालावर विसंबून कुणी गलोल उचलू नये. शिवाय पडलेल्या ड्रोनमधली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते.

आता मूळ प्रश्न. "ज्याची जमीन त्याचं आकाश" हे तत्त्व फार जुनं आहे आणि न्यायालयांनी ते कधीच बाजूला ठेवलंय. १९४६ चा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा कॉझबी खटला पाहा. लष्करी विमानं एका कोंबडीपालकाच्या जमिनीवरून अवघ्या ८३ फुटांवरून जायची. घाबरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मरायच्या. न्यायालयाने आकाशापर्यंतची मालकी नाकारली, पण जमिनीच्या वापरासाठी लागणारी लगतची हवा मालकाचीच आहे असं मानून भरपाईचा हक्क मान्य केला. इंग्लंडमध्ये १९७७ साली घराचा विमानातून फोटो काढणं हे जमिनीवरचं अतिक्रमण नाही असा निकाल लागला. मात्र सतत पाळत ठेवली तर गोष्ट वेगळी, हेही न्यायाधीशांनी नोंदवलं.

भारतात २०२१ चे ड्रोन नियम आहेत. त्यांचा भर वजन, नोंदणी आणि हवाई क्षेत्रांवर आहे. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला वैमानिकाचं प्रमाणपत्र लागत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ स्त्रीला खासगी कृतीत असताना पाहण्या-टिपण्याबद्दल आहे, परसात कपडे वाळत घालणं त्यात बसवणं अवघड. म्हणजे ओसरीताईंची तक्रार रास्त असूनही तिला चपखल कलम सापडत नाही. जर्मनीत मात्र कॅमेऱ्याचा ड्रोन राहत्या घराच्या जागेवर कमी उंचीवरून न्यायचा तर सहसा घरमालकाची संमती लागते. मला ती वाट योग्य वाटते.

भिरभिरं
कमी उंचीवरून नेण्यावर बंधन मला चालेल. सरसकट संमती नको.

ओसरी, एक तांत्रिक गोष्ट सांगतो, तुमच्या कामी येईल. "घरी परत" ही सोय वापरली की ड्रोन ठरवलेल्या उंचीवर चढतो, सरळ रेषेत येतो आणि उड्डाण केलेल्या जागेवर उतरतो. जीपीएसच्या चुकीने एखाद-दोन मीटर इकडेतिकडे होतं, पण सहसा वाटेत थांबत नाही. म्हणजे तो दर वेळी तुमच्या परसावर थांबत असेल तर बहुधा कुणीतरी हाताने थांबवतंय. प्रत्येक उड्डाणाची मार्ग, उंची आणि वेळ यांची नोंद बहुतेक अॅपमध्ये राहते. ती दाखवा म्हणून मागा. स्वच्छ मनाने उडवणारा माणूस नाही म्हणणार नाही.

ओसरी
हे मला माहीत नव्हतं, आभार. पण पुन्हा तेच होतंय. संशय माझ्या डोक्यावर, पुरावा मागायचा तो मीच, आणि मागितला की भांडखोर शेजारीण ठरायचं तेही मीच. ज्याच्या हातात रिमोट आहे त्याने आधी येऊन सांगावं : अमुक वेळी उडवतो, या बाजूने नेतो, ही पाहा कालची नोंद. इतकं केलं असतं तर मी इथे लिहायला आलेच नसते.

दुसरा मजला
शंभर टक्के सहमत.

भिरभिरं
मी नव्या जागी उडवायच्या आधी आजूबाजूला सांगून येतो, तेव्हा यात माझी ना नाही. माझा विरोध फक्त मालकीच्या दाव्याला आहे.

ओसरी
मग उंची ठरवू. हद्दीवरच्या आमच्या आंब्याच्या शेंड्यापर्यंतची जागा मी वापरते, आंबे उतरवायला माणूस तिथवर चढतो. तिच्या आत यायचं तर विचारून. याच शब्दांत शेजाऱ्यांना सांगणार आहे, आणि नोंदही मागणार आहे.

भिरभिरं
शेंड्यापर्यंत मान्य. त्याच्या वरून न थांबता जाणाऱ्याला अडवू नका.

दुसरा मजला
माझ्या खिडकीसमोर आंबा नाही. माझ्यासाठी काय ठरलं?