मॅनेजर जबाबदार, की जबाबदारी मॅनेजरची?

पृच्छा (अंबाजोगाई) : बेसबॉलवरील लेखात मी ‘खेळाडूंच्या अपयशाला मॅनेजर जबाबदार आहे’ असे लिहिले होते. संपादकांनी ते ‘ती मॅनेजरची जबाबदारी आहे’ असे बदलले. यात अर्थ बदलतो का? तसेच मॅनेजरला ‘व्यवस्थापक’ म्हणावे का?

उत्तर : अर्थ बदलतो. ‘अमुक गोष्टीला जबाबदार’ या रचनेत कारण सांगितले जाते आणि सहसा दोषही चिकटतो. म्हणून सोयाबीनच्या नुकसानीला परतीचा पाऊसही जबाबदार असू शकतो. ‘जबाबदारी’ मात्र माणसाचीच असते आणि ती अपयश येण्यापूर्वीपासून त्याच्यावर असते.

‘व्यवस्थापक’ टाळावा, कारण क्रिकेटमुळे त्या शब्दासरशी वाचकाला प्रवास-निवासाची सोय पाहणारा गृहस्थ आठवतो. बेसबॉलचा मॅनेजर खेळाडूंसारखाच गणवेश घालून डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाच्या कडेच्या संघाच्या बाकांवर, बसतो, फलंदाजीचा क्रम लावतो आणि थकलेला पिचर (चेंडू टाकणारा) केव्हा बदलायचा हे ठरवतो; खेळाडूंचे करार आणि अदलाबदल हे काम मात्र जनरल मॅनेजरकडे असते. आपल्या बीडकडचा ऊसतोडीचा मुकादम कारखान्याकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतो, टोळी स्वतः जमवतो आणि एखादा कोयता (ऊस तोडणारे जोडपे) मध्येच निघून गेला तर ती उचल त्याच्याच अंगावर येते. त्याने घेतलेला ‘जिम्मा’ पुरा असतो, कारण माणसे निवडणारा आणि भरपाई करणारा एकच. बेसबॉलमध्ये माणसे एकाने आणलेली असतात आणि नोकरी बहुधा दुसऱ्याची जाते!

2022 मध्ये फिलाडेल्फिया फिलीज या अमेरिकी संघाने 22 विजय आणि 29 पराभव अशा स्थितीत मॅनेजर जो जिरार्डी यांना काढले आणि रॉब थॉमसन यांच्या हाताखाली तोच संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेपर्यंत, गेला, हे पाहून दोष मॅनेजरचाच होता असे वाटते. परंतु 2019 मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्स 19 विजय आणि 31 पराभवांवर असतानाही मॅनेजर डेव्ही मार्टिनेझ यांना हलवले गेले नाही आणि त्याच वर्षी त्यांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. म्हणून बातमीत ‘जबाबदार धरले’ हा प्रयोग मला अधिक प्रामाणिक वाटतो. त्यात निर्णय धरणाऱ्याचा आहे हे दिसते आणि पराभवाचे खरे कारण कोणते, याविषयी लेखक परस्पर निवाडा देत नाही.

पुरवणी प्रश्न : ‘उत्तरदायी’ चालेल का?

उत्तर : चालेल, पण जपून. मॅनेजर जनरल मॅनेजरला उत्तरदायी असतो, पराभवाला नव्हे; त्या शब्दापुढे जाब विचारणारा कोणीतरी असावा लागतो.